मोडलेलं काडतूस: गोळी ठेवा, पुंगळी ठेवा, दारूचा मोह सोडा

अमेरिकेत रायफलची काडतुसं घरी भरणं हा कायदेशीर छंद आहे आणि तिथल्या मराठी नेमबाजांचे प्रश्न येत असतात. या वेळचे सगळे भरलेली काडतुसं मोडण्याबद्दलचे, म्हणजे त्यांचे भाग पुन्हा सुटे करण्याबद्दलचे आहेत. काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्या तळाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू म्हणजे जळून गोळी ढकलणारे दाणे, आणि तोंडाशी गोळी.

शेजाऱ्याने .३०-०६ची (रायफलच्या काडतुसाचा एक प्रकार) घरी भरलेली दीडशे काडतुसं दिली. डब्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही. दारू काढून नव्याने मोजून भरली तर चालेल का?

नाही. ती काडतुसं तशीच झाडूही नका. दाणे बघून दारू ओळखता येत नाही. जळण्याचा वेग दाण्याच्या आकारावर आणि त्यावरच्या रासायनिक लेपावर ठरतो, आणि लेप डोळ्यांना दिसत नाही. पिस्तुलाची वेगवान दारू रायफलच्या मापाने भरली तर रायफल फुटते. शिवाय दीडशेच्या दीडशे एकाच डब्यातून भरली असतील याची हमी कोण देणार? गोळ्या आणि पुंगळ्या मात्र खुशाल ठेवा. गोळ्या वजन करून, व्यास मोजून वेगळ्या लावा. .३०-०६ला .३०८ इंचाची गोळी लागते, पण वजन १५० ग्रेन (७,००० ग्रेनचा एक पौंड) आहे की १८०, हे डोळ्यांवर सोडू नका.

निघालेली दारू कचऱ्याच्या डब्यात, गटारात किंवा बंद डब्यात ठेवू नका. बागेच्या गवतावर विरळ पसरली तर पावसापाण्याने विरते. मुलं आणि कुत्री तेवढी दूर ठेवा. दारूला आंबट, नाकात झोंबणारा वास येत असेल किंवा तिच्यात तांबूस भुकटी दिसत असेल तर ती खराब झाली आहे, ती साठवूच नका. ईथर-अल्कोहोलसारखा वास चांगल्या दारूलाही असतो, त्याला घाबरू नका.

.३०८ची ४० काडतुसं मीच काल भरली. नंतर कळलं की तराजू अर्ध्या ग्रेनने चुकत होता. ही दारू तरी वाचेल ना?

ही वाचेल. डबा तुमच्या समोर आहे आणि त्या टेबलावर दुसरी कुठलीच दारू उघडी नव्हती, या दोन्ही गोष्टी नक्की असतील तरच. प्रत्येकी ४३ ग्रेन धरले तर ४० काडतुसांत १,७२० ग्रेन होतात, म्हणजे जवळपास पाव पौंड. काढलेली दारू बारीक जाळीच्या चाळणीतून गाळा. पितळेचा कीस आणि हातोडीतला कचरा वर राहतो. (हातोडी म्हणजे गोळी काढायचं साधन: काडतूस तिच्यात अडकवून ठोकलं की धक्क्याने गोळी सुटते.) मूळ डब्यात परत ओतू नका. नाव लिहिलेल्या वेगळ्या डबीत ठेवा आणि तीच आधी संपवा. पण त्याआधी तराजू वजनाच्या ठोकळ्याने तपासा, नाहीतर पुढच्या आठवड्यात हाच प्रश्न पुन्हा पाठवाल.

हातोडीवर दहा ठोके मारले, गोळी जागची हलत नाही.

बहुतेक वेळा दोष ठोकण्याच्या जागेचा असतो. गालिचा, रबरी चटई किंवा डुगडुगतं टेबल धक्का गिळून टाकतं. ओक लाकडाच्या ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर ठोका. हलकी गोळी जास्त ठोके खाते, कारण तिला सुटायला स्वतःचं वजनच पुरत नाही: .२२३ची ५५ ग्रेनची गोळी १८० ग्रेनच्या गोळीपेक्षा हट्टी असते.

तरीही निघेना, तर गोळीचं आवरण आणि पुंगळीची मान वर्षानुवर्षांत एकमेकांना चिकटली असतील. मग गोळी बसवायच्या डायने (साच्याने) तिला इंचाचे एक-दोन शतांश आत ढकला. ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि चिकटलेलं सुटतं. मग हातोडी घ्या. प्लास्टिकच्या टोकाच्या गोळीसाठी हातोडीच्या तळाशी फोमचा इअरप्लग घाला, टोक वाचतं.

गॉगल लावा. हातोडीसोबत आलेला चिमटा सोडून त्या जागी प्रेसचा (काडतुसं भरायच्या दाबयंत्राचा) शेलहोल्डर, म्हणजे पुंगळीचा तळ धरणारा भाग, लावण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. आणि .२२ रिमफायर कधीच हातोडीत घालायचं नाही, कारण त्याचं पेटणारं मिश्रण कडेतच असतं.

शंभरावर काडतुसं असतील तर प्रेसवरचा कॉलेट पुलर, म्हणजे गोळी पकडून ओढून काढणारं साधन, घ्या. कोपर दुखत नाही आणि दारू सांडत नाही. गोळीवर पुसटसा वळ उमटला तर ती सरावाला चालते.

जिवंत प्रायमर तेलात भिजवून मारता येतो का?

यावर भरवसा ठेवू नका. वाळल्यावर तो उडू शकतो. शक्यतो पुंगळीत आहे तिथेच राहू द्या आणि पुन्हा त्याच पुंगळीत भरा. काढायचाच झाला तर एकेक, हळूच, दारू दूर ठेवून. झटका देऊन नाही. रेंजवर नुसता प्रायमर उडवलात तर पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) किंचित मागे सरकतो, तेव्हा ती पुंगळी मोजल्याशिवाय भरू नका.

पुण्यात भावाला हे करून दाखवू का?

नको. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे.

गोळी काढलेल्या पुंगळीत लगेच नवी बसवली, ती बोटाने ढकलली तरी आत जाते.

गोळी निघताना मान थोडी ताणली जाते. मान गोळीच्या व्यासापेक्षा साधारण ०.००२ इंच आवळ हवी. साइझिंग डायमधून (पुंगळीला मापात आणणाऱ्या साच्यातून) फक्त मान पुन्हा आवळा, पण आधी डायमधली डिकॅपिंग पिन (प्रायमर ढकलून काढणारी सळई) काढा, प्रायमर अजून आत आहे! मग गोळी बसवून काडतुसाचं टोक टेबलाच्या कडेवर दाबून बघा. लांबी आधी आणि नंतर मोजा; इंचाचा एक सहस्रांशही कमी भरली, तर मान अजून सैल आहे.