दाजी कर्जाला जामीन मागताहेत, नाही म्हणवत नाही

ताई, तुमचं वाचलं आणि माझेच जुने दिवस आठवले. बहिणीच्या नवऱ्याला पतसंस्थेचं कर्ज हवंय, तुमची झेडपीची नोकरी म्हणून जामीनदार तुम्ही. त्यांचा फोन दिसला की पोटात गोळा येतो आणि तुम्ही ‘बघते, विचार करून सांगते’ म्हणून मोकळ्या झालात. म्हणजे तिकडे तुमचं नाव फॉर्मवर चढलं समजा. जामीन म्हणजे काय, पगारपत्रक कशाला लागतं, हे तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही.

कारण देऊ नका. ‘माझंच घराचं कर्ज चालू आहे’ म्हणालात की ‘त्याने काय होतं, नुसती सही तर आहे’. ‘ह्यांना विचारते’ म्हणालात की पुढचा फोन ह्यांना. एवढंच म्हणा: ‘दाजी, मी कोणाच्याच कर्जाला जामीन राहत नाही. राग मानू नका, पण हे माझं ठरलेलं आहे.’ ते पुन्हा बोलले की पुन्हा तेच वाक्य. आवाज कापला तर कापू द्या. भीती गेली की बोलू म्हणाल तर ती जात नाही, बोलून झाल्यावरच थोडी उतरते. आखाजीला सगळे जमल्यावर बोलायचा घाट घालू नका, फोनच बरा. आणि बहिणीला आधी तुम्हीच सांगा. दाजींच्या तोंडून कळलं तर गोष्ट भलतीकडे जाते.

माझ्या साडूच्या कर्जावर माझी सही होती. हप्ते थकल्याची कुणकुण लागली तसा त्या पतसंस्थेच्या शाखेत गेलो. काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाला, ‘तुम्ही कर्जदार नाही, खातं दाखवता येणार नाही. साहेब चोपड्याला गेलेत, सोमवारी या.’ सोमवारी साहेब मीटिंगमध्ये. लेखी अर्ज दिला तर पोच देईनात. आणि मग एक दिवस थेट आमच्या ऑफिसात पगारकपातीचं पत्र! आस्थापनेच्या क्लार्कने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. खातं बघायला मी कोणी नव्हतो, वसुलीला मात्र पहिला मीच. थकबाकी वेळेत कळली असती तर साडूला सोबत घेऊन तेव्हाच भरून टाकली असती. नंतर चढलेलं दंडव्याज मला सगळ्यात महागात पडलं. लिहितानाही डोकं फिरतं, असो.

मी वकील नाही, तुमचे कागद जाणकाराला दाखवा. पण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून घ्या’ असं आपल्याला म्हणता येत नाही. सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला आणू शकते, आणि पगारकपातीची संमती बहुतेकदा आपण सही केलेल्या गठ्ठ्यातच असते. हे दाजींना ऐकवू नका, वाद वाढेल. नंतर रात्री मन खाईल तेव्हा स्वतःला ऐकवा.

सराव लहान गोष्टींवर करा. वरण-बट्टीच्या पंगतीत तुपाचा वाढप्या आला की ताटावर हात आडवा धरून एकदाच ‘नको’. तो वाढतोच म्हणा, आपल्याकडचा आग्रह काय सांगावा! क्रेडिट कार्डवाल्या फोनवर मात्र छान सराव होतो. धडधड रोजचीच असेल, झोप उडाली असेल, तर माझ्या सल्ल्यावर राहू नका. मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दाजींना मदत करावीशी वाटलीच तर झेपेल तेवढे पैसे हातात द्या, परत येणार नाहीत असं धरून. कोऱ्या चेकवर सही कुणालाच देऊ नका. पगारपत्रक आधीच व्हॉट्सॲपवर पाठवून झालं असेल, तर संस्थेला दोन ओळी लिहून कळवा की मी जामीनदार नाही, आणि प्रतीवर शिक्का घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा.