अल्पाइनवर पहिला वेब सर्व्हर लावताना

पहिल्या वेब सर्व्हरसाठी अल्पाइन लिनक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम निवडलीस ते बरं केलंस. मसल (सी भाषेची छोटी लायब्ररी) आणि बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांड एकत्र देणारा छोटा प्रोग्राम) यांवर उभी असल्यामुळे ही सिस्टीम अगदी आटोपशीर आहे. मात्र ग्लिबसी या इतर बहुतेक लिनक्समधल्या सी लायब्ररीसाठी बनवलेले तयार प्रोग्राम इथे बहुधा चालत नाहीत. एज या विकासाधीन शाखेच्या नादी लागू नकोस, स्थिर आवृत्तीच घे. इन्स्टॉल करताना डिस्कचा पर्याय ‘सिस’ (सगळी सिस्टीम डिस्कवर) ठेव. डिस्कलेस (सिस्टीम मेमरीतून चालते) ठेवलास तर ‘एलबीयू कमिट’ कमांडने न जपलेले बदल रीबूटनंतर गायब!

एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रामच्या आधी एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची सोय. पासवर्डऐवजी ओळख पटवणारी तुझी सार्वजनिक की सर्व्हरवर टाक, दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन होतंय ते बघ, मगच पासवर्ड लॉगिन आणि रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) लॉगिन बंद कर. पहिलं टर्मिनल तोवर बंद करायचं नाही. घाईत इथेच लोक स्वतःच्याच सर्व्हरबाहेर राहतात. फायरवॉलला एनएफटेबल्स हे साधन पुरे: पोर्ट 22 (एसएसएच), 80 (एचटीटीपी), 443 (एचटीटीपीएस) उघडे, बाकी सगळं बंद.

एनजिनएक्स चालू केल्यावर 404 (पान सापडलं नाही) दिसलं तर घाबरू नकोस, अल्पाइनची मूळ कॉन्फिग फाइलच तसं उत्तर देते. तुझ्या साइटची कॉन्फिग फाइल एचटीटीपी डॉट डी फोल्डरमध्ये मांड आणि आरसी-अपडेट कमांडने सेवा बूटला जोड, नाहीतर रीबूटनंतर साइट झोपलेली सापडेल.

एचटीटीपीएससाठीचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं, सर्टबॉट या प्रोग्रामने घे. त्याची मुदत सध्या 90 दिवस, म्हणून नूतनीकरण क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) घाल. नूतनीकरणानंतर एनजिनएक्स रीलोड झालाच पाहिजे, नाहीतर तो जुनंच प्रमाणपत्र दाखवत बसतो. सगळं एचटीटीपीएसवर वळवलंस तरी 80 पोर्ट बंद करू नकोस. लेट्स एन्क्रिप्टची पडताळणी तिथूनच सुरू होते.