चार गाईंसाठी भाताच्या पेंढ्याच्या गाठी गोल घ्याव्यात की चौकोनी?

आपण चार गाईंसाठी वर्षभराचा पेंढा भरू इच्छिता आणि गोल गाठी स्वस्त पडतात असे लिहिले आहे. माझ्या मते चौकोनीच घ्याव्यात.

मावळात आमची इंद्रायणी भाताची खाचरे आहेत. हार्वेस्टर आल्यापासून पेंढा शेतभर विस्कटून पडतो आणि बेलर, म्हणजे गाठी बांधणारे यंत्र, लावल्याशिवाय गोळा होत नाही. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, माझे न ऐकता गोल गाठी करून घेतल्या. सकाळी आठ वाजता पेंढ्यावर दव तसेच होते, दुपारपर्यंत थांबा असे मी विनवत होतो, पण बेलरवाला निघून जाईल म्हणून काम सुरू झाले. गोल गाठ पावसाचे पाणी अंगावरून ओघळू देते, या भरवशावर दोनशे गाठी उघड्यावर, थेट मातीवर रचल्या गेल्या. आठवड्याने मी एका गाठीत कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा आतला पेंढा तापलेल्या अंगासारखा लागला आणि बाहेर काढलेल्या मुठीतून करडी भुकटी उडाली. गाईंनी गव्हाणीत तोंड घातले, हुंगले आणि मान फिरवली. निम्म्या गाठी उकिरड्यावर गेल्या.

दादा आजही त्या वर्षीच्या अवेळी पावसाला दोष देतात. पाऊस त्यानंतर आला. बुरशी त्याआधीच गाठीच्या गाभ्यात धरली होती.

एका गाईला रोज 5 किलो पेंढा धरला, तरी चार गाईंना वर्षाला 7300 किलो लागतो, म्हणजे 15 किलोच्या जवळजवळ पाचशे गाठी होतात. चौकोनी गाठी विटांसारख्या छतापर्यंत रचता येतात, गोल गाठींमध्ये पोकळी राहून शेडची जागा वाया जाते. शिवाय चौकोनी गाठीची दोरी कापली की तिच्या वड्या सुटतात आणि प्रत्येक गाईपुढे बेताने टाकता येतात.

अर्थात, ओला पेंढा चौकोनी गाठीतही कुजतोच, हे मान्य करायला हवे. काडीला पीळ दिल्यावर ती कडकन मोडली, तरच बेलर लावावा आणि गाठी लाकडी फळ्यांवर रचाव्यात. आपल्याकडे शेडच नसेल आणि गाठी महिन्या-दोन महिन्यांत संपणार असतील, तर गोल घ्यायला हरकत नाही. मात्र दोरी प्लास्टिकची असल्यास प्रत्येक गाठीच्या दोऱ्या मोजून बाजूला काढाव्यात, कारण गाय ती पेंढ्याबरोबर गिळते आणि पोटात ती विरघळत नाही.