बातमीदाराचा फोन आला की पोटात गोळा येतो

"माझ्या नावावर भलतंच काही छापून आलं तर?" ही धास्ती घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी प्राध्यापक येतात, पीएच.डी. करणारी मुलं येतात, पहिल्याच पुस्तकाला पुरस्कार मिळालेले लेखकही येतात. एका कवीने तर पुरस्कार जाहीर झाला त्या संध्याकाळी फोनच बंद करून ठेवला होता. यांतले बहुतेक जण वर्गात तासभर सहज बोलतात, परिषदेत शोधनिबंध वाचतात. त्यामुळे 'सभाधीटपणा वाढवा' हा सल्ला त्यांच्या काही कामाचा नसतो. त्यांची भीती वेगळ्याच ठिकाणी असते. ती कुठे असते, हे मला शर्वरीबरोबर काम करताना सगळ्यात स्पष्ट दिसलं. (नाव बदललं आहे आणि ओळख पटू नये म्हणून दोघींच्या हकिगती एकत्र केल्या आहेत.)

शर्वरी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा अभ्यास करते. तिथल्या एका गावात लहान मुलावर हल्ला झाला, तेव्हा एका वृत्तवाहिनीने तिला गाठलं. ती बराच वेळ बोलली. पडद्यावर आलं एकच वाक्य, "बिबट्याला पकडून उपयोग नाही", आणि खाली पट्टी, 'बिबट्यासोबत राहायला शिका : संशोधक'. ज्या गावात सुतक होतं, त्या गावाने ती पट्टी वाचली. रोज ज्या वस्तीवर ती चहाला थांबायची, तिथे दुसऱ्या दिवशी कोणी तिच्याशी बोललं नाही. त्यानंतर तिने अनोळखी नंबर उचलणं सोडून दिलं.

तिचं म्हणणं निराधार नव्हतं. जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, असं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचं 2011 चं संशोधन सांगतं. शर्वरीला हे तोंडपाठ होतं. तरीही ती माझ्यासमोर बसून सांगत होती, "मॅडम, मी आता फक्त जर्नलमध्ये लिहिणार."

मी विचारलं, "ती पट्टी बघितल्यावर पहिल्यांदा कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे आला?"

"सरांचा. माझ्या गाईडचा."

"गावातल्या कोणाचा नाही?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नंतर आला."

माझी बैठक विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची. अल्बर्ट एलिस यांनी ती 1955 च्या सुमारास मांडली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दल आपण स्वतःला काय बजावतो, त्याने माणूस जास्त कोलमडतो, हे तिचं मर्म. शर्वरी स्वतःला बजावत होती, 'माझं बोलणं जसंच्या तसं आलं पाहिजे, नाहीतर संशोधक म्हणून मी संपले.' वाक्याचा पहिला अर्धा भाग रास्त इच्छा आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाला तिच्याकडे कोणताच पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय बोलायचं नाही हे तर तिच्या विद्येचंच शिक्षण. हे दोन भाग सुटे करण्यात आमची बरीच सत्रं गेली.

मग एके दिवशी मी बातमीदार झाले. "बिबटे वाढलेत का हो?"

"उपलब्ध नमुन्यांच्या मर्यादा लक्षात घेता घनतेविषयी ठोस विधान करणं..."

मी तिला थांबवलं. "हे उत्तर कोणाला दिलंस?"

ती थबकली. "सरांना," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"आता मी बातमीदार नाही. मी उसात खुरपायला जाणारी बाई आहे. माझं पोर बांधावर बसतं. मला सांग."

ती पुढे सरकून बसली. आवाजच बदलला. "ताई, पोराला एकटं बांधावर बसवू नका. वाकून किंवा बसून काम करणारं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. चौघीजणी मिळून जा, बोलत राहा, मोबाइलवर गाणी लावा. दिवस मावळायच्या आत घरी या. शेळ्या रात्री बंद गोठ्यात ठेवा."

"आणि पिंजरा नको म्हणतेस?"

"माणसावर हल्ला करणारा बिबट्या वनखात्याने पकडायलाच हवा. पण दिसला म्हणून कुठलाही पकडून लांब सोडला, तर तिकडच्या लोकांचा त्रास वाढतो आणि इथल्या रिकाम्या जागेत दुसरा येतो."

मिनिटभरही लागलं नाही. शास्त्राला कुठे धक्का लागला नव्हता. गाईडसमोरही तिला यातला एक शब्द बदलावा लागला नसता. माझ्या कामातल्या ज्या थोड्या क्षणांचं मला मनापासून समाधान वाटतं, त्यांतला हा एक. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे की, संशोधकाची जीभ बातमीदारापुढे अडखळते ती तो मनात परीक्षकांशी बोलत असतो म्हणून. लेखकांचंही तेच. वाचक विचारतो, गोष्ट कशाबद्दल आहे? आणि लेखक मनातल्या समीक्षकाला उत्तर देत बसतो.

याच विषयात मुंबईचं उदाहरण शर्वरीला फार धीर देऊन गेलं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला 2004 च्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक बळी गेले आणि बातम्यांत 'नरभक्षक'सारखे शब्द नेहमीचे झाले. 2011 मध्ये 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू झाला. त्यात वनखातं, अभ्यासक आणि नागरिक एकत्र आले, पत्रकारांसाठी कार्यशाळा झाल्या. हल्ला झालेला नसतानाच त्यांना बिबट्या समजावून सांगितला गेला. हळूहळू बातम्यांत खबरदारीची माहितीही येऊ लागली. ओळख आधीची असेल, तर संकटाच्या दिवशी फोनवर दोन अनोळखी माणसं बोलत नसतात.

मी सगळ्यांना जे सांगते ते असं. फोन आला की लगेच उत्तर देण्याची सक्ती नाही. कोणत्या माध्यमासाठी, थेट प्रक्षेपण की ध्वनिमुद्रण, बातमी कधीपर्यंत द्यायची आहे, आणखी कोणाशी बोलणार आहात, एवढं विचारा आणि "अर्ध्या तासात फोन करते" म्हणा. पण तो फोन खरोखर करा. त्यांच्या वेळेचा मान राखलात, तर तुमच्या शब्दांचाही राखला जाण्याची शक्यता वाढते. सरकारी संस्थेत असाल, तर बोलायची परवानगी कोणाकडून घ्यायची हे आधीच माहीत करून घ्या.

त्या अर्ध्या तासात एका खऱ्या माणसाला डोळ्यांपुढे आणून तीन वाक्यं लिहा. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आधी बोला, आणि प्रत्येक वाक्य एकटं उचललं तरी खोटं ठरणार नाही असं ठेवा. 'पकडून उपयोग नाही' हे एकटं उचललं की क्रूर होतं. 'हल्ला करणारा पकडा, पण सरसकट नको' हे तुटत नाही. आकडे आणि नावं लगेच व्हॉट्सॲपवर लेखी पाठवा. संपूर्ण बातमी आधी दाखवा असा आग्रह धरू नका, तो बहुधा मानला जात नाही, पण "माझ्या तोंडची वाक्यं एकदा वाचून दाखवाल का?" ही विनंती पुष्कळदा मानली जाते. छापायचं नसेल ते बोलण्याआधी ठरवा, बोलून झाल्यावर नाही. "हे मला माहीत नाही, पण अमुक जण सांगू शकतील" असं सांगण्यात कमीपणा नाही.

आणि मथळा बहुतेक वेळा बातमीदार देत नाही, कार्यालयातल्या संपादकीय डेस्कवर दिला जातो. म्हणून चूक झाली तर आधी बातमीदाराशी शांतपणे बोला, मग संपादकांना लेखी दुरुस्ती मागा. वर्तमानपत्राने गंभीर चूक करूनही दाद दिली नाही, तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते.

एलिस एकोणिसाव्या वर्षी बायकांशी बोलायला घाबरायचे. त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात शंभराहून जास्त अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोलण्याचा प्रयत्न केला, नकार पचवले आणि आपण त्यातून सुखरूप बाहेर येतो हे अनुभवलं. शर्वरीलाही मी तसाच गृहपाठ दिला. फोनची वाट बघायची नाही, तालुक्याच्या बातमीदाराला आपण होऊन फोन करायचा. ऊसतोडणी सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात. त्यांना उचलू नका, वनखात्याला कळवा, एवढाच विषय.

बातमी आली. त्यात एक आकडा चुकला होता. तिने बातमीदाराला फोन केला, त्याने वेबसाइटवर तो सुधारला, छापील अंकात राहून गेला. तिने ते कात्रण, चुकलेल्या आकड्यावर खूण करून, स्वतःच गाईडना पाठवलं.