साडीचा काठ, सूर्यफूल आणि पीयूसीचा फॉर्म

पत्र : मुलगी मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झाली. गणित चांगलं आहे. आमचे वडगावात चार यंत्रमाग आहेत. सगळी सुट्टी तिनं कॉम्प्युटरवर पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ठिपक्यांच्या नक्ष्या काढण्यात घालवली. घरचे म्हणतात, चित्रंच काढायची तर आर्ट्स घे, नाहीतर हा खेळ बंद करून नीट सायन्स कर. तिला काय सांगू? सोबत तिची एक नक्षी पाठवते आहे. – एक आई, वडगाव, बेळगाव

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेला कागद दोन दिवस माझ्या टेबलावरच आहे. सूर्यफुलातल्या बियांसारखे पाचशेएक ठिपके, प्रत्येक ठिपका आधीच्यापासून १३७.५ अंशांनी वळवलेला. कोपऱ्यात तिनं पेन्सिलीनं ‘मधल्यापासून अंतर = २ × n’ लिहून खोडलंय आणि खाली ‘४ × √n’ केलंय; n म्हणजे ठिपक्याचा क्रमांक. माझा जीव त्या खाडाखोडीत अडकलाय. अंतर सरळ n च्या पटीत वाढवलं की मधे ठिपक्यांची गर्दी होते आणि कडेला ते विरळ पडतात. वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणून प्रत्येक ठिपक्याला सारखी जागा मिळायची तर वर्गमूळच घ्यावं लागतं. चित्र डोळ्याला खटकलं म्हणून पोरगी वर्गमूळापर्यंत पोचली. हा खेळ बंद करायला तिला कृपा करून सांगू नका.

फॉर्मवर पीसीएमसी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि कॉम्प्युटर सायन्स, लिहा. कारण साधं आहे. पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, गणित सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरची वाट बंद होते, पुढं ती उघडणं फार अवघड. चित्राकडं जायची वाट मात्र सायन्स घेऊनही उघडी राहते. आयआयटी मुंबई घेते त्या यूसीड परीक्षेला कुठल्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी बसतो, तिथून डिझाइनच्या पदवीला, म्हणजे बी.डेस.ला, प्रवेश मिळतो. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी, तिथंही शाखेची अट नाही. एक गोष्ट आत्तापासून सांभाळा : यूसीडमध्ये कागदावर हातानं चित्र काढावं लागतं. रोज अर्धा तास तिनं वही घेऊन मागाशेजारी बसावं आणि दिसेल ते काढावं. कॉम्प्युटरवर नक्षी छान येते म्हणून हात आपोआप वळत नाही.

पीयू सायन्स इंग्रजीतून आहे. सुरुवातीचे महिने जड जातील, त्याला घाबरू नका. त्रिज्या म्हणजे रेडियस, वर्गमूळ म्हणजे स्क्वेअर रूट अशी जोड-शब्दांची एक वही सुट्टीतच करून ठेवू दे.

नवा लॅपटॉप लगेच घेऊ नका. कलाकारांना प्रोग्रॅमिंग जमावं म्हणून केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये ‘प्रोसेसिंग’ नावाचं सॉफ्टवेअर सुरू केलं. त्याच घराण्यातलं पी५.जेएस फुकट आहे आणि साध्या ब्राउझरमध्ये चालतं. आत्ताचा कॉम्प्युटर पुरतो.

आता तुमच्या घराबद्दल बोलतो, कारण तिची खरी प्रयोगशाळा तिथंच आहे. मागावर नक्षी उठवणाऱ्या जॅकार्डच्या पुठ्ठ्यातली भोकं तुम्ही रोज बघता. भोक असलं तर उभा धागा उचलला जातो, नसलं तर नाही. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये जॅकार्ड नावाच्या माणसानं बसवलेली ही रीत पुढं चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणित करणाऱ्या यंत्राच्या आराखड्यात घेतली. म्हणजे तुमची मुलगी वेगळ्याच कुठल्या वाटेला लागलेली नाही, घरचाच धंदा दुसऱ्या अंगानं शिकते आहे. घरात नक्षीचे जुने ग्राफ पेपर असतील तर ते तिच्या हातात द्या.

काठाची नक्षी एकाच दिशेनं पुढं सरकत राहते. अशी नक्षी सरकवून, उलटवून, फिरवून मांडायच्या रीती गणितात मोजल्या तर नेमक्या ७ भरतात, आठवी नाही. तिनं शहापूर-खासबागच्या दुकानांतून काठांचे फोटो काढावेत आणि सातांपैकी किती सापडतात ते बघावं. मग किल्ल्यातल्या कमल बस्तीत जावं. १२०४ सालचं ते जैन देऊळ, छतात दगडाचं कमळ कोरलंय. त्याच्याखाली उभं राहून पाकळ्या मोजाव्यात आणि घरी येऊन तेच कमळ प्रोग्रॅममध्ये उभं करावं. फसलेले प्रयत्न पुसू नयेत, तारीख घालून ठेवावेत. पुढं कुणी तिचं काम मागितलं तर नुसती गोंडस चित्रं दाखवण्यापेक्षा ही वही जास्त बोलेल.

हे सगळं चालू असताना पीसीएमसीचा अभ्यासही व्हायलाच हवा. आठवड्याची एक संध्याकाळ नक्षीसाठी राखून द्या आणि ती परीक्षेच्या महिन्याखेरीज कुणी हिरावून घेऊ नये, एवढं घरात ठरवा. तिच्या वडिलांना हे पत्र वाचून दाखवलंत तर बरं होईल.

कागद परत पाठवतोय. मागं तिच्यासाठी एक काम लिहिलंय : कोन १३७.३ करून बघ, मग १३७.६. ठिपक्यांचे वळणदार हात दिसायला लागतील, पहिल्यात एकीकडं वळलेले, दुसऱ्यात उलटीकडं. मी मोजले तेव्हा पहिल्यात २१ भरले आणि दुसऱ्यात ३४. हेच दोन आकडे का, हे तिनं मला तिच्या भाषेत लिहून कळवावं.