गोव्यात मध्ययुगीन कला स्वतःच्या हातांनी करून बघता येईल का?

हो, येईल, कावीपासून सुरुवात करा. देवळांच्या भिंतींवरची ही तांबडी-पांढरी चित्रं नुसती रंगवलेली नसतात, खरवडून काढलेली असतात. शिंपल्यांचा चुना, नदीची रेती आणि गूळ कालवून मुरवतात, त्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती, चढवतात आणि ओल असतानाच दाभणाने खरवडतात. खालचा पांढरा चुना रेषा होऊन वर येतो. मी घरी फळीवर करून पाहिलंय: गिलावा सुकला की रेषेची कड तुटते, म्हणून एका वेळी वीतभरच भाग घ्या, आणि हातमोजे घालाच, चुना कातडी जाळतो. त्याआधी मोरजीला मोरजाईच्या देवळात जाऊन डोळे भरून बघा. फक्त आज शाबूत दिसणारी बरीच कावी मध्ययुगानंतरची आहे, हे ध्यानात ठेवा.