ब्लेनॅव्हनला जाताय, तर आधी गाव बघा, कागद नंतर

मुलीकडे कार्डिफला आला आहात, हाताशी एकच दिवस आहे, ब्लेनॅव्हन या दक्षिण वेल्समधल्या जुन्या लोखंड-कोळशाच्या गावाचा इतिहास नीट समजून घ्यायचाय आणि जिथे मेल केली त्यांनी 'सगळं वेबसाइटवर आहे' एवढंच कळवलंय. मग एका दिवसात करावं काय, हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मलाही नेमकी इथेच ठेच लागली होती.

मला तिथल्या लोखंड कंपनीची जुनी पगारपत्रकं बघायची होती. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) फोनवर 'आहेत, या' म्हणून सांगितलं. रजा टाकून गेलो, तर काउंटरवर कळलं की कागद दुसऱ्या इमारतीत आहेत आणि ते आधी मागवावे लागतात. फोनवर हे सांगायला काय जात होतं? पुढे अर्ज, मग शांतता, मग 'आमच्या अखत्यारीत येत नाही'. उन्हाळा असाच गेला. अजून चीड येते. त्यामुळे माझं ठाम मत आहे की एका दिवसात कार्यालयाची पायरी चढूच नका. कागद बघायचेच असतील तर नेमका दस्तऐवज, तारीख आणि जागा लेखी पक्की करून मगच निघा. सगळीच कार्यालयं तशी नसतात, हेही खरं.

बहुतेक लोक बिग पिट ही जुनी कोळशाची खाण (आता संग्रहालय) बघून परत फिरतात. मला ते अर्धवट वाटतं. 1789 ला इथल्या लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या आणि त्या भट्ट्यांपायी हे गाव वसलं. खाण हा त्याच पसाऱ्याचा भाग. लोहकारखान्याच्या आवारात 1839 चा दगडी मनोरा आहे, त्याच्यापाशी जरा थांबा. वरच्या पाळण्याच्या टाकीत पाणी भरायचं, त्या वजनाने तो खाली यायचा आणि दुसरा माल घेऊन वर जायचा. कामगारांची घरं तिथेच, भट्ट्यांच्या कुशीला. धूर कुठे जात असेल याचा विचार तिथे उभं राहूनच करा.

याच गावात 1878 च्या सुमारास सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्याचा मामेभाऊ पर्सी यांनी फॉस्फरसचा प्रश्न सोडवला. फॉस्फरस राहिला की पोलाद ठिसूळ होतं. भट्टीला आतून चुन्याच्या जातीचं अस्तर दिलं, तर तो मळीत (वितळलेल्या लोखंडावरच्या टाकाऊ थरात) निघून जातो. थॉमस हा लंडनच्या कोर्टातला कारकून, प्रयोग फावल्या वेळातले! पण या शोधाने जर्मनी-अमेरिकेतलं फॉस्फरसवालं लोहखनिजही कामाचं ठरलं आणि वेल्सचं वरचढपण गेलं. हे मला त्या गावाचं सगळ्यात मोठं दुःख वाटतं. माहितीफलकावर ते दोन ओळींत उरकतात.

गावातल्या चर्चच्या आवारात लोखंडी झाकणांची थडगी आहेत, ती चुकवू नका. शेजारची शाळा 1816 ची, सारा हॉपकिन्सने भावाच्या स्मरणार्थ बांधलेली. आता तिथे वारसा केंद्र आहे.

बिग पिट खाणीत साधारण 90 मीटर खाली नेतात. फोन, घड्याळ, बॅटरीवालं काहीही वरच ठेवून घेतात, कारण ठिणगीने वायू पेटू शकतो. शिरस्त्राण, दिवा, पट्टा मिळून पाचेक किलो कमरेला-डोक्याला येतात. गुडघे कुरकुरत असतील तर विचार करा, मी काही डॉक्टर नाही. वेळा आणि शुल्क बदलत असतात, आदल्या दिवशी बघून घ्या. गावाला नेहमीची प्रवासी रेल्वे नाही, परतीची बस आधीच हेरून ठेवा.

घरी आल्यावर वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जालावर ठेवलेली 1919 पर्यंतची वर्तमानपत्रं उघडा, फुकट आहेत. कारखान्याचे अपघात, संप, दारूच्या तक्रारी सगळं सापडतं. माझी पगारपत्रकांची तहान बरीचशी तिथेच भागली.

आणि खाणीतला वाटाड्या स्वतः जुना खाणकामगार असेल तर त्याला विचारा, 'तुम्ही कुठल्या खाणीत होतात?' बिग पिट 1980 ला बंद झाली, पण तिथल्या कामगारांतले काही जण पुढे दुसऱ्या खाणींत राबले. हा प्रश्न विचारला की ते ठरलेलं भाषण सोडून बोलायला लागतात.